खाण्याचा फोटो निवडला जावा म्हणून

खाण्याचे फोटो निवडून झळकवणाऱ्या संकेतस्थळाकडून माझा पहिला फोटो परत आला तेव्हा सोबत दोनच शब्दांचं कारण होतं, 'प्रकाश अपुरा'. मला काही ते पटलं नाही. स्वयंपाकघरातले दोन्ही दिवे चालू होते, वर फ्लॅशही मारला होता. अजून किती उजेड पाडायचा? दुसरा फोटो 'रंग अनैसर्गिक' म्हणून परत आला, तिसरा 'चौकट फार घट्ट' म्हणून. असे सहा-सात नकार पचवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. निवडणारा माणूस माझा पदार्थ चाखत नाही, कृती वाचत नाही, मी किती वेळ उभी होते तेही त्याला ठाऊक नसतं. त्याच्या पडद्यावर एकाखाली एक छोटे चौकोन सरकत असतात आणि त्यातला एक माझा असतो. बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या जागेत भूक चाळवली तर चाळवली, नाहीतर पुढचा चौकोन.

लोकांनी पाठवलेल्या फोटोंतून माणसांनी पाहून निवड करायची, हा प्रकार टेस्टस्पॉटिंग (२००७) आणि फूडगॉकर (२००८) या संकेतस्थळांमुळे फार लोकप्रिय झाला. आता पाककृतींची ॲप आहेत, इन्स्टाग्रामवर इतरांचे फोटो झळकवणारी पानं आहेत. जागा बदलल्या तरी नकाराची कारणं जवळपास तीच राहिली आहेत: प्रकाश, रंग, धूसरपणा, कोन, चौकट. खालच्या पायऱ्याही साधारण त्याच क्रमाने आहेत, आणि प्रकाशाला जास्त जागा दिली आहे ती मुद्दामच.

कॅमेरा कुठला घ्यावा, हा प्रश्न आत्ता विचारू नका. हातात आहे तो फोन पुरतो.

स्वयंपाकाआधी फोटो मांडा

नवखे लोक आधी पदार्थ करतात, मग ताट घेऊन घरभर जागा शोधत फिरतात. तोवर रश्श्यावर साय धरते, तळलेलं मऊ पडतं, पानं माना टाकतात. क्रम उलटा करा. टेबल कुठे, ताट कोणतं, कापड कोणतं, फोन कुठून धरायचा, हे सगळं गॅस पेटवण्याआधी ठरवा. ताटात पदार्थाच्या जागी चुरगळलेला रुमाल किंवा एखादं फळ ठेवा आणि त्याचेच चार फोटो काढून बघा. पदार्थ तयार झाला की रुमाल उचलायचा आणि पदार्थ ठेवायचा. गरम पदार्थाचा देखणेपणा फार तर पाच-सात मिनिटं टिकतो. ती मिनिटं टेबल सरकवण्यात घालवू नका.

घरातले दिवे बंद करा

हो, सगळे. दिवसा खिडकीजवळ फोटो काढत असलात तरीही.

प्रकाशाला रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. भर दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्विनचा, म्हणजे डोळ्यांना पांढरा. घरातला पिवळसर बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा. आपला मेंदू दोन्हींत पांढरं ताट पांढरंच मानून घेतो, कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकाच रंगाशी जुळवून घेता येतं. खिडकी आणि बल्ब एकत्र आले की ताटाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर पडते, आणि नंतर कितीही खटपट केली तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. 'रंग अनैसर्गिक' या शेऱ्यामागे बहुतेक वेळा हीच भानगड असते.

फ्लॅश तर विसरूनच जा. तो लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे उजेड समोरून सरळ येऊन आदळतो. सावल्या नाहीशा होतात, पदार्थ चपटा दिसतो आणि ओलसर पृष्ठभागावर पांढरे डाग उमटतात.

आता खिडकी. थेट ऊन येत नाही ती खिडकी निवडा. येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. त्यामागचं कारण एकदा समजून घेतलं की पुढे कुठेही अडत नाही: प्रकाशाचा उगम पदार्थाच्या मानाने जितका मोठा दिसतो तितकी सावली मऊ. सूर्य अवाढव्य आहे, पण इतका दूर की आकाशात तो नाण्याएवढा दिसतो. म्हणून उन्हाच्या सावल्या धारदार पडतात. त्याच उन्हाच्या वाटेत पडदा आला की उजेड पडद्यापासून सुरू होतो, आणि पडदा तर हातभर अंतरावर खिडकीएवढा पसरलेला असतो.

खिडकीपासूनचं अंतरही हाताशी असलेलं साधन आहे. छोट्या दिव्यापासून दुप्पट दूर गेलं की उजेड चौथाई होतो. खिडकी मोठी असल्यामुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण कल तोच. म्हणून ताट खिडकीला चिकटवलं तर जवळची कड लख्ख आणि पलीकडची एकदम अंधारी होते. टेबल थोडं आत ओढलं की फरक कमी होतो. ताट एकाच जागी ठेवून दहा फोटो काढण्याऐवजी ताट दहा जागी ठेवून एकेक काढा, हा धडा मला फार उशिरा मिळाला.

उजेडाची दिशा सांगायला मी घड्याळ वापरते. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी आणि तुम्ही उभे आहात सहावर. खिडकी सहाकडे, म्हणजे तुमच्या पाठीशी असेल तर फोटो फ्लॅशसारखाच चपटा होतो, वर तुमचीच सावली ताटात पडते. नऊ किंवा तीनवर असेल तर पोत उठून दिसतो, पावाची खरबरीत कड, भाताचा दाणा न् दाणा. बारावर, म्हणजे पदार्थाच्या मागे असेल तर सूप, सरबत आणि मध यांच्यात जीव येतो, मात्र पुढची बाजू काळवंडते. पहिल्यांदाच काढत असाल तर खिडकी दहावर ठेवा. बाजूचा पोत मिळतो, मागची चमकही मिळते, आणि सहसा काही बिघडत नाही.

खिडकी दहावर असेल तर चारच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा मधोमध दुमडून उभा करा. खिडकीचा उजेड त्याच्यावर आपटून परततो आणि सावलीतली बाजू हलकेच उजळते. पुठ्ठा जवळ-लांब करत फोनच्या पडद्यावर बघा, फरक लगेच कळतो. गूढ, गडद चित्र हवं असेल तर त्याच जागी काळा पुठ्ठा. आठ-नऊ वेगवेगळी साधनं घेऊन पस्तावल्यावर सांगते, या दोन पुठ्ठ्यांनी जे काम केलं ते इतर कशानेच केलं नाही.

रात्रीच काढायचा असेल तर एकच एलईडी दिवा घ्या आणि बाकी सगळे विझवा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचं माप) हा आकडा असतो. तो ९० च्या पुढे असलेला बरा, नाहीतर लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात. दिव्याच्या पुढे बटर पेपर ताणून धरा (तापणाऱ्या बल्बला तो टेकू देऊ नका) आणि दिवाही दहावरच ठेवा. काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर (कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, सेकंदाच्या भागांत) १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे सहसा जातात. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०.

कोन पदार्थाला विचारा

या पदार्थाची शोभा कुठे आहे? एवढाच प्रश्न. शोभा वरच्या पृष्ठभागावर असेल (पिझ्झा, सॅलड, चार वाट्या मांडलेलं टेबल) तर सरळ वरून काढा. थरांत असेल (केक, बर्गर, सँडविच) तर फोन जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा. खोलगट भांड्यातल्या पदार्थांना, म्हणजे सूप, रस्सा, भात यांना, जेवायला बसल्यावर दिसतो तो साधारण ४५ अंशांचा कोन मानवतो. बर्गर वरून काढला की फक्त पाव दिसतो, आणि पिझ्झा समोरून काढला की एक रेघ.

वरून काढताना फोन टेबलाला अगदी समांतर हवा. बऱ्याच फोनांत जाळीची रेघ किंवा 'लेव्हल' चालू केली की फोन खाली झुकवल्यावर मधोमध दोन अधिकची चिन्हं दिसतात. ती एकावर एक बसली म्हणजे फोन सपाट.

इथे सगळ्यांना नडणारी गोष्ट सांगते. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्याचा असतो, जुन्या फिल्मच्या हिशेबाने साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा. त्याने जवळ जाऊन काढलं की पुढची कड फुगते आणि वाटी अंडाकृती होते. दोन पावलं मागे सरा आणि २एक्स झूम वापरा. आकार लगेच ताळ्यावर येतात. ०.५एक्सचा अतिरुंद कॅमेरा खाण्यासाठी नकोच. आणि सावध राहा, काही फोन फार जवळ गेलं की मॅक्रोच्या नावाखाली न सांगता त्याच अतिरुंद कॅमेऱ्यावर जातात. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

ताट लहान, पदार्थ कमी

वाढायला घेतो त्यापेक्षा लहान ताट घ्या आणि त्यात वाढतो त्यापेक्षा कमी पदार्थ ठेवा. काठोकाठ भरलेलं भांडं समोर बसलेल्याला प्रेमाचं वाटतं, पण छोट्या चौकोनात ते नुसता गोळा दिसतं. ताट चकचकीत नको, त्यात खिडकी आणि तुम्ही दोघंही दिसता. खालचं कापड किंवा फळीही बिनचमकीची हवी. चित्रात राजा एकच असावा. बाकी चमचा, रुमाल, बाजूची वाटी हे दरबारी, आणि दरबारी जितके कमी तितकं बरं.

तपकिरी पदार्थ सगळ्यांत अवघड. चवीला उत्तम, फोटोत चिखल. त्यांना थोडं हिरवं, थोडं पांढरं आणि भरपूर बाजूचा उजेड लागतो. वर टाकायची गोष्ट पदार्थातलीच असावी. मिरी नसलेल्या पदार्थावर मिरीचे दाणे पेरलेले पाहिले की माझं डोकं फिरतं.

देखणेपणा टिकवायच्या काही युक्त्या मात्र शिकून ठेवण्यासारख्या आहेत. हिरव्या भाज्या जास्त शिजवल्या किंवा आंबट पडल्या की मेंदीच्या रंगाच्या होतात, कारण उष्णतेने आणि आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि लिंबू अगदी शेवटी. सॅलडमध्ये मीठ आणि ड्रेसिंगही शेवटी, कारण मिठाने पानांतलं पाणी बाहेर येतं. चिरलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून त्याला लिंबाचा रस चोळा. आइस्क्रीमचे गोळे आदल्या दिवशीच काढून ताटलीत घट्ट गोठवून ठेवा. सुकत चाललेल्या पदार्थावर ब्रशने तेलाचा हलका हात फिरवा. ताटाच्या कडेवरचे ओघळ ओल्या कापसाच्या काडीने पुसा. हे शेवटचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि तेच सर्वांत जास्त राहून जातं.

वाफ टिपायची असेल तर तिच्या मागे गडद काहीतरी हवं आणि उजेडही मागून हवा. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ असते, पण दिसत नाही.

सूपमध्ये घातलेल्या भाज्या तळाशी जातात आणि फोटोत नुसतं पाणी दिसतं. त्यावर तोडगा म्हणजे भांड्यात आधी एक छोटी वाटी उपडी घालायची आणि तिच्यावर भाज्या रचून सूप ओतायचं. घरच्या फोटोसाठी हे खुशाल करा. विकायच्या पदार्थाच्या जाहिरातीसाठी मात्र नको. कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीने जाहिरातीच्या भांड्यात तळाशी काचेच्या गोट्या टाकून भाज्या वर आणल्या होत्या. ग्राहकाला भाज्या आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात, या कारणाने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७० च्या आदेशाने तो प्रकार थांबला. दुधाच्या जागी गोंद, मधाच्या जागी इंजिनचं तेल, असल्या स्टुडिओतल्या करामतींच्या वाटेला मी जात नाही. फोटो झाल्यावर ते ताट कुणीतरी खाणार असतं.

आता क्लिक

आधी लेन्स पुसा. स्वयंपाक करणाऱ्या हातात फिरलेल्या फोनवर तेलकट बोटांचे ठसे असणारच, आणि त्यांच्यामुळे सगळ्या चित्रावर धुकं येतं.

पदार्थाचा जो भाग डोळ्यांत भरायला हवा, बहुधा तुमच्याकडची पुढची कड, तिथे पडद्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनांत त्याने फोकस आणि प्रकाशाचं माप दोन्ही तिथेच थांबतात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी असावं असं गृहीत धरून माप घेतो. त्यामुळे पांढऱ्या ताटावर पांढरा भात काढला की तो मळकट करतो, आणि काळ्या फळीवर काढलं की सगळं फिकट. पहिल्या वेळी उजेड थोडा वाढवायचा, दुसऱ्या वेळी कमी करायचा. 'प्रकाश अपुरा' म्हणून परत आलेल्या माझ्या फोटोंपैकी निम्म्यांत खोलीत भरपूर उजेड होता. पांढऱ्या ताटाने कॅमेऱ्याला फसवलं होतं, एवढंच.

हात टेकवायला पुस्तकांची चळत चालते. कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) असेल तर उत्तम, तिच्यासोबत दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बटण दाबतानाच फोन हलतो.

मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड टाळा. काट्याचे दात, वाटीची कड, कोथिंबिरीचं टोक कुठे संपतं हे त्याला नीट कळत नाही आणि अर्धा चमचा धुक्यात जातो. मोठा कॅमेरा असणाऱ्यांची चूक याच जातीची. एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि स्पष्ट दिसणारा भाग कमी) मिळाली की ती पूर्ण उघडून काढायची, मग एक पान स्पष्ट आणि बाकी जेवण गायब. एफ ४ ते एफ ५.६ पासून सुरुवात करा. हातात धरून काढत असाल तर शटर १/१२५ पेक्षा हळू ठेवू नका (एलईडीच्या पट्ट्यांसाठी हळू ठेवावं लागलं तर तिपाई घ्या) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, गरजेपुरता वाढवा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही.

प्रत्येक मांडणीचा उभा, आडवा आणि चौकोनी असे तिन्ही फोटो घ्या, आणि एक तरी भरपूर मोकळी जागा सोडून. 'चौकट फार घट्ट' हा शेरा टाळायचा हाच उपाय, कारण कापता नंतरही येतं, वाढवता येत नाही. ताट उचलण्याआधी फोटो मोठा करून पुढची कड तपासा. मी एकदा तपासलं नाही. केक संपल्यावर कळलं की फोकस मागच्या किटलीवर होता.

सुधारणा, हात राखून

क्रम असा ठेवा: आधी चौकट सरळ करा, मग रंगाचं संतुलन, मग उजेड. रंगासाठी चित्रात जी गोष्ट पांढरी आहे हे नक्की माहीत आहे (ताट, रुमाल) तिच्याकडे बघून पिवळेपणा-निळेपणा काढा. मग फार चमकणाऱ्या जागा थोड्या उतरवा, सावल्या थोड्या उचला. रंग गडद करणाऱ्या सॅच्युरेशनच्या पट्टीला शक्यतो हात लावू नका. तिने टोमॅटो आधी केशरी आणि मग प्लास्टिकचा होतो. तयार फिल्टर बहुतेक माणसांच्या चेहऱ्यांसाठी आणि निसर्गासाठी बनवलेले असतात, भातावर ते आजारी दिसतात.

आणि सुधारणा करायला बसण्याआधी फोनचा रात्रीचा पिवळा पडदा बंद आहे ना ते बघा. मी महिनाभर तो चालू ठेवून फोटो सुधारत होते. पिवळेपणा घालवता घालवता प्रत्येक फोटो निळा करून पाठवला, आणि परत आल्यावर निवडणाऱ्यालाच दोष दिला.

पाठवण्याआधी

जिथे पाठवायचा तिथले नियम वाचा, विशेषतः आकाराचे. चौकोन मागत असतील तर तो स्वतः कापून द्या. यंत्रावर सोडलं तर ते मधोमध कापतं आणि तुमचा राजा अर्धा बाहेर जातो. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेल रुंदी धरा, उभ्या चार-पाच प्रमाणात १०८० बाय १३५०. जेपीईजी ८०-९० दर्जाची पुरते. रंगपद्धत एसआरजीबी ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर रंग फिके पडू शकतात. फोटोवर पदार्थाचं नाव, तुमची ठसठशीत सही, चार फोटोंची जोडाजोड, यातलं काही नको. आणि फोटो तुमचाच असावा, हे वेगळं सांगायला नको.

शेवटची परीक्षा पाठवण्याआधी घरीच घ्या. फोटो २५० पिक्सेलांचा करा किंवा फोनच्या गॅलरीत सगळ्यांत बारीक चौकोनांची जाळी उघडा. मग घरातल्या कुणाला तरी, ज्याने हा पदार्थ पाहिलेला नाही अशाला, तो चौकोन क्षणभर दाखवा आणि विचारा, 'काय आहे?' नाव बरोबर आलं तर पाठवा. 'भाजी का काहीतरी' असं उत्तर आलं तर कोन किंवा चौकट चुकली आहे.

नकार आला तर लगेच तोच फोटो पुन्हा धाडू नका. शेरा चौकटीबद्दल असेल तर मोकळी जागा सोडून काढलेला तो दुसरा फोटो शोधा, नव्याने कापा आणि पाठवा. माझे दोन असेच दुसऱ्या खेपेला निवडले गेले. शेरा प्रकाशाबद्दल असेल तर सुधारणेच्या पट्ट्या ओढत बसू नका. पदार्थ पुन्हा करा, आणि या वेळी दिवे बंद करायला विसरू नका.